एका मोटरमनची केस: रनओव्हरनंतरचा पीटीएसडी आणि परत केबिनमध्ये बसेपर्यंतचं वर्ष

मी मानसोपचार विभागात समुपदेशक म्हणून काम करते आणि ही केस त्या मोटरमनची आणि त्यांच्या घरच्यांची परवानगी घेऊन लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय, नाव देत नाही, काका म्हणते कारण समोर बसल्यावरही मी त्यांना काकाच म्हणायचे. रनओव्हर म्हणजे गाडीखाली माणूस येणं, आणि पीटीएसडी म्हणजे पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, जबर धक्क्यानंतर मनात टिकून राहणारा आजार.

वय ४७, मुंबई लोकलचे मोटरमन. आधी मालगाडीवर असिस्टंट, मग शंटिंग, मग लोकल. घरी काकू, इंजिनिअरिंगला असलेला मुलगा आणि काकांची आई. आमच्याकडे आले ते छातीत धडधडतं म्हणून, आणि तेसुद्धा सरळ आले नाहीत, आधी फिजिशियनकडे गेले, ईसीजी झाला, टूडी इको झाला, स्ट्रेस टेस्ट झाली, सगळं नॉर्मल, मग अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या, मग कुणीतरी झोपेसाठी अल्प्राझोलाम लिहून दिली ती कितीतरी महिने चालूच राहिली. ज्या घटनेमुळे हे सगळं सुरू झालं तिला तोवर अकरा महिने होऊन गेले होते आणि त्या अकरा महिन्यांत एकाही डॉक्टरला काकांनी ती घटना सांगितली नव्हती. कुणी विचारलीही नव्हती म्हणा. मोटरमन म्हटल्यावर 'तुमच्या गाडीखाली कधी कोणी आलं होतं का' हा प्रश्न खरं तर पहिल्या पाचात पाहिजे, कारण मुंबईच्या लोकल मार्गावर वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसं मरतात, त्यातली बरीचशी रूळ ओलांडताना, आणि त्यातल्या प्रत्येकाच्या समोर काचेमागे एक माणूस बसलेला असतो. बातमीत मेलेल्याचं वय येतं, गाड्या किती मिनिटं लेट झाल्या ते येतं, काचेमागच्याचं काहीच येत नाही.

नेमकं काय झालं होतं

जुलै महिना, संध्याकाळ, पाऊस. डाऊन फास्ट, म्हणजे मुंबईतून बाहेर जाणारी जलद लोकल, ठाण्याच्या पुढे. स्पीड ८०च्या आसपास. एक पोरगा, अठरा-एकोणीसचा असेल, पाठीला निळी सॅक, रूळ ओलांडत होता, बाजूच्या लाईनवरून स्लो गाडी जात होती तिच्याकडे त्याचं लक्ष होतं, हॉर्न ऐकून त्याने मान वळवली आणि काकांची आणि त्याची नजरानजर झाली. बस एवढंच. पुढचं लिहायची गरज नाही.

गाडी थांबली, गार्डला बेल दिली, खाली उतरले, हमाल-पोलीस येईपर्यंत थांबले, मेमो म्हणजे घटनेचा लेखी रिपोर्ट लिहिला, आणि पंधरा-वीस मिनिटांनी तीच गाडी घेऊन कल्याणच्या पुढे गेले. साइन ऑफ करताना सोबतच्यांनी विचारलं ठीक आहेस ना, हे म्हणाले ठीक आहे. दुसऱ्या दिवशी ड्युटीवर. सुट्टी घे म्हणणारे होते पण यांनीच घेतली नाही, कारण त्यांच्या नोकरीत आधी असे आठ-नऊ रनओव्हर झालेले होते आणि प्रत्येक वेळी दोन-चार दिवस जेवण गेलं नाही, मग सुरळीत झालं. यावेळीही तसंच होईल असं त्यांना वाटलं. मला तो हिशोब चुकीचा वाटत नाही, बहुतेक वेळा तसंच होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे असा जबर धक्का बसलेल्यांपैकी साधारण ५.६ टक्के लोकांनाच पुढे पीटीएसडी होतो, बाकीच्यांचं मन आपलं आपण सावरतं. पण आठ वेळा सावरलं म्हणून नवव्यांदा सावरेलच असं काही नाही, उलट आधीचे धक्के साठत जातात आणि एखादा असा येतो ज्यात काहीतरी वेगळं असतं. इथे वेगळं होतं ते म्हणजे नजर, आणि ती सॅक. घरी मुलाची सॅक तशीच, निळी.

नंतरचे महिने

हे मला बरंचसं काकूंकडून कळलं. काका स्वतःबद्दल बोलताना एका वाक्यात संपवायचे, काकू मात्र तारखेवार सांगायच्या. पहिल्या महिन्यात झोपेत ओरडून उठायचे, उजवा हात पुढे ताणलेला असायचा. गणपतीत ढोल वाजायला लागले तर उठून आतल्या खोलीत जाऊन दार लावून बसले, आधी हेच मंडळात पुढे असायचे. कुकरची शिट्टी झाली की दचकून हातातलं सांडायचे आणि मग काकूंवर ओरडायचे की गॅस बारीक का नाही केला. दिवाळीत नातेवाईक आले तर बोलले नाहीत, नुसते बसून राहिले, आईला वाटलं पोराला काही आवडेनासं झालंय. मुलगा कॉलेजला निघाला की वीस मिनिटांत फोन, पोचलास का, पूल चढलास ना, इअरफोन काढलेस का, आणि फोन उचलला नाही तर घरभर येरझाऱ्या. शेवटी एक दिवस ती निळी सॅक त्यांनी कुणालाही न सांगता भंगारवाल्याला देऊन टाकली, आत पोराची जर्नल होती, घरात प्रचंड भांडण झालं, आणि मुलगा महिनाभर बापाशी बोलला नाही कारण त्याला काहीच माहीत नव्हतं. काकांनी घरी फक्त एवढंच सांगितलं होतं की आज एक केस झाली.

काकूंना आणि आजींना मग वेगळीच शंका यायला लागली, की तो अकाली गेलेला जीव आहे, ह्यांच्या मागे लागलाय. दृष्ट काढून झाली, मग त्र्यंबकेश्वरला जाऊन नारायण नागबळी करून आले. मी याला नावं ठेवणार नाही. काका म्हणाले की त्या तीन दिवसांत पहिल्यांदा त्या पोरासाठी काहीतरी केल्यासारखं वाटलं, आणि परत आल्यावर काही रात्री झोपही लागली. मग परत तेच. पुढे उपचारात आम्हाला याच धाग्याचा उपयोग झाला, ते खाली सांगते.

दारूचंही सांगायला पाहिजे. झोप यावी म्हणून रात्री दोन पेग सुरू झाले, पण मोटरमनला साइन ऑन करताना, म्हणजे ड्युटीवर हजेरी लावताना, लॉबीत फुंकर मारून दारूची टेस्ट द्यावी लागते, त्यामुळे सकाळची ड्युटी असली की रात्री प्यायची नाही, म्हणजे झोपायचं नाही, म्हणजे पहाटे सुजलेल्या डोळ्यांनी गाडी घ्यायची. अल्प्राझोलाम यात भर. बाहेरून बघणाऱ्याला माणूस कामावर वेळेत जातोय, एकही खाडा नाही, म्हणजे ठीक आहे असंच वाटणार.

आणि गाडीवर काय चाललं होतं? मास्टर कंट्रोलरचा दांडा हातातून सुटला तर इमर्जन्सी ब्रेक आपोआप लागतो, मोटरमनला काही झालं तर गाडी थांबावी म्हणून ती सोय आहे, त्यामुळे दांडा सतत दाबून धरावा लागतो. काकांचा तळहात घामाने निसटायचा. ती जागा आली की तिथल्या खांबाचा नंबर दिसायच्या आधीच पोटात गोळा, कानात घूं आवाज, आणि जळक्या ब्रेकचा वास यायचा, जो तिथे नसायचाच. दोनदा त्यांनी रुळावर माणूस आहे समजून इमर्जन्सी मारली, एकदा तो वाऱ्याने उडालेला ताडपत्रीचा तुकडा होता आणि एकदा काहीच नव्हतं. दुसऱ्या वेळेनंतर ते घाबरले. पाठीमागे बारा डब्यांत तीन-चार हजार माणसं उभी असतात आणि आपल्याला नसलेलं दिसतंय. त्यानंतर ते आमच्याकडे आले, धडधडीच्या निमित्ताने.

निदान करताना

सुरुवातीला कागदावर पॅनिक डिसऑर्डर असं लिहिलेलं होतं, आणि झटके होतेच, धाप लागणं, आता मरतो असं वाटणं. सततची काळजी बघितली तर जनरलाइज्ड अँझायटीही म्हणता आलं असतं, आणि उदासी होतीच. माझं म्हणणं असं की ही सगळी लेबलं त्यांच्यापुरती खरी होती पण मूळ त्यातल्या एकातही नव्हतं. पीटीएसडी हे निदान १९८०मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात आलं तेव्हा त्याला चिंताविकारांच्याच गटात ठेवलं होतं, २०१३च्या आवृत्तीत तिथून काढून आघाताशी संबंधित विकारांचा वेगळा गट केला. हे नुसतं कप्पे बदलणं नाही. चिंताविकारात माणूस पुढे काय होईल याला भितो, पीटीएसडीत जे होऊन गेलंय ते अजून होतंय असं शरीर वागतं. उपचार त्यामुळे वेगळे होतात, पॅनिकच्या पेशंटला शिकवतो तसं नुसतं श्वासावर आणि धडधडीवर काम करत बसलो असतो तर ती निळी सॅक कधी बाहेरच आली नसती.

निकषात चार गोष्टी बघतात. घटना नको असताना परत परत येणं, स्वप्नात किंवा जागेपणी. तिची आठवण करून देणारं सगळं टाळणं. मन आणि विचार काळवंडणं, म्हणजे अपराधीपणा, कुणाशी जवळीक न वाटणं, आनंद आटणं. आणि शरीर सतत सावध, दचकणं, चिडणं, झोप नाही. हे महिन्यापेक्षा जास्त टिकलं आणि रोजच्या जगण्यात अडथळा आला तर पीटीएसडी. महिन्याच्या आत असेल तर त्याला तीव्र तणाव प्रतिक्रिया म्हणतात आणि तेव्हा घाई करायची नसते. काकांना २० प्रश्नांची ठराविक प्रश्नावली दिली, ८०पैकी ५४ आले, साधारण ३१ ते ३३च्या पुढे गेलं की आम्ही नीट तपासायला घेतो.

टाळण्याचा मुद्दा त्यांच्या बाबतीत फसवा होता. बहुतेक पेशंट ती जागा टाळतात, काका रोज त्याच रुळावरून जात होते, मग टाळतात कुठे? पण जरा खोदल्यावर कळलं की त्या पट्ट्यात ते डोळे काचेवर ठेवून मनात आकडे मोजायचे. शरीराने हजर आणि बाकी गैरहजर. सुट्टीच्या दिवशी मात्र लोकलचं तोंड बघायचे नाहीत, ठाण्याला जायचं तरी बस, आणि गाडीत बसावंच लागलं तर शेवटचा डबा.

आत्महत्येचे विचार येतात का हे पहिल्याच भेटीत सरळ विचारलं. लोकांना वाटतं विचारल्याने डोक्यात येईल, तसं होत नाही, उलट विचारलं की माणसाला हायसं वाटतं. आपण नसतो तर बरं झालं असतं असं कधी कधी येतं म्हणाले, बेत असा काही नव्हता. काकूंना समोर बसवून ठरवलं की असं वाटलं तर कुणाला सांगायचं, गोळ्या कुणाकडे राहतील, आणि टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर दोघांच्या मोबाईलमध्ये टाकला, तो फुकट आहे, २४ तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

गाडीवरून खाली

पहिला आणि सगळ्यात अवघड निर्णय औषधाचा नव्हता, गाडीचा होता. नसलेलं दिसतंय, झोप नाही, अल्प्राझोलाम चालू, या अवस्थेत गाडी चालवणं बरोबर नाही हे मी आणि आमच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. काका गप्प. मग म्हणाले, मॅडम सिकमध्ये (आजारपणाच्या रजेवर) गेलो की मायलेज गेलं, आणि एकदा कागदावर मनाचं काही लिहिलं की मेडिकल कॅटेगरी गेली, मग टेबलावर बसा आयुष्यभर. ही भीती हवेतली नाही. धावत्या गाडीवरच्या स्टाफचा पगाराचा मोठा भाग किलोमीटरवर असतो, मोटरमनला सगळ्यात कडक मेडिकल कॅटेगरी लागते, आणि डीकॅट होणं, म्हणजे त्या कॅटेगरीतून खाली उतरवलं जाणं, हा शब्द लॉबीत ज्या सुरात बोलला जातो तो ऐकला की कळतं लोक का लपवतात. आम्ही त्यांना हेही सांगितलं की अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६च्या कलम २०प्रमाणे नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी आस्थापना कर्मचाऱ्याला काढू शकत नाही किंवा खालच्या पदावर टाकू शकत नाही, त्याच पगारश्रेणीत दुसरं काम द्यावं लागतं, आणि त्या कायद्यात मानसिक आजाराचाही समावेश आहे. म्हणजे अगदी वाईटात वाईट झालं तरी रस्त्यावर येणार नाही. पण आपला बेत टेबलाचा नाही, परत केबिनचा आहे, आणि त्यासाठी आत्ता उतरायला लागेल. ते घरी गेले, दोन दिवस विचार केला आणि सिक रिपोर्ट केला. मला विचाराल तर या पूर्ण केसमधला सगळ्यात धाडसाचा क्षण तोच.

औषधात सर्ट्रालिन, नैराश्यावरही देतात ती गोळी, ५० पासून १०० मिलिग्रॅमपर्यंत. पहिले दहा-बारा दिवस उलट बेचैनी वाढली, असं होतं हे आधी सांगितलेलं होतं म्हणून त्यांनी सोडलं नाही, फरक पडायला महिना-सव्वा महिना लागला. अल्प्राझोलाम एकदम बंद करत नाहीत, झटके येऊ शकतात, त्यामुळे डॉक्टरांनी पाव-पाव करत उतरवली. इथे थोडं थांबून सांगते, घरातल्या कुणाला धक्का बसला की ओळखीच्या केमिस्टकडून झोपेची गोळी आणून देणं आपल्याकडे सर्रास चालतं, पीटीएसडीत त्या जातीच्या गोळ्या फायद्याच्या नाहीत, सवय लागते आणि मन त्या आठवणीवर जे काम करायला पाहिजे ते करत नाही.

आठवण सांगणं

मुख्य उपचार प्रोलॉन्ग्ड एक्सपोजरचा होता, मानसशास्त्रज्ञ एडना फोआ यांनी विकसित केलेली पद्धत. पेशंटने डोळे मिटून, वर्तमानकाळात, तो प्रसंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगायचा, पुन्हा पुन्हा, त्याचं रेकॉर्डिंग करायचं आणि ते घरी रोज ऐकायचं. ऐकायला क्रूर वाटतं. काकूंनी मला तसं तोंडावर म्हटलंही, की आम्ही इकडे विसरायला आलोय आणि तुम्ही आठवायला लावताय. त्यांना समजावलं की विसरायचा प्रयत्न अकरा महिने करून झाला, टाळल्याने तेवढ्यापुरतं बरं वाटतं पण मेंदूला दर वेळी एकच निरोप जातो की ही आठवण फार धोक्याची आहे, हिच्याजवळ जाऊ नको. जवळ जाऊन, काही न होता, बाहेर यायचं असतं. तेही सुरक्षित जागी, याचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसासोबत. असल्या प्रसंगानंतर लगेच पकडून बसवून एकदाच सगळं बोलायला लावणं मात्र करायचं नसतं, ते आता जगभर नको म्हणून सांगतात, त्याचा उपयोग होत नाही.

पहिल्यांदा त्यांनी जे सांगितलं तो अक्षरशः मेमो होता. वेळ, किलोमीटर, स्पीड, सिग्नल हिरवा, सदर इसम अचानक रुळावर आला. तीन मिनिटांत संपलं. पायाला काय वाटतंय, काय दिसतंय, वास कसला येतोय असं विचारत विचारत पुढच्या वेळी पाऊस आला, वायपरचा आवाज आला, मग पोरगा आला. तिसऱ्या बैठकीत नजरेपाशी पोचले आणि उठून निघून गेले. पुढच्या दोन वेळा आलेच नाहीत. काकूंचा फोन, परत प्यायलेत. मी घाई केली नाही, त्यांना निरोप दिला की गोष्ट तिथूनच सुरू करू, आधीचं परत सांगायला लागणार नाही. आले. आणि त्या दिवशी नजरेच्या पुढचं पहिल्यांदा सांगितलं, रडले, खूप वेळ रडले, शर्टाच्या बाहीने तोंड पुसत राहिले, टिश्यू समोर असून.

मग अडकलेला काटा सापडला. काका म्हणाले, तो माझ्याकडे बघत होता आणि मी नुसता बघत बसलो. ब्रेक लावायला उशीर केला. मारला मी त्याला. हे वाक्य अकरा महिने त्यांच्या पोटात होतं.

तुमची चूक नाही असं मी म्हणाले नाही, ते सगळेच म्हणतात आणि ते कानाच्या बाहेरच राहतं. मी त्यांना मेमोची कॉपी आणायला सांगितली. त्यांच्याच अक्षरातला कागद, घटनेनंतर दहा मिनिटांत लिहिलेला, हात थरथरत असल्याने अक्षर वाकडं आलेलं. त्यात ओळ होती: सतत हॉर्न दिला, तत्काळ इमर्जन्सी ब्रेक लावला. मी विचारलं हॉर्न आधी की नजर आधी? ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले हॉर्न. हॉर्न ऐकून तर त्याने मान वळवली. आणि ब्रेक? ब्रेक हॉर्नसोबतच, एकाच वेळी दोन्ही करतो आम्ही, हात आपोआप जातो. म्हणजे त्याने बघितलं तेव्हा ब्रेक लागलेला होता.

मग त्यांनी स्वतःच गणित मांडलं, माझ्या पॅडवर. ८०चा स्पीड म्हणजे सेकंदाला २२ मीटर. पोरगा स्लो गाडीच्या आडून बाहेर आला तेव्हा अंतर सत्तर-ऐंशी मीटर. म्हणजे हातात साडेतीन सेकंद. भरलेली गाडी, ओले रूळ, थांबायला दोनशे मीटरच्या पुढेच जाणार. पेन खाली ठेवून म्हणाले, थांबणारच नव्हती. हे गणित त्यांना नोकरीच्या पहिल्या वर्षापासून पाठ होतं, नव्या पोरांना त्यांनी ते शिकवलेलं होतं. पण आठवणीत ते साडेतीन सेकंद इतके ताणले गेले होते की त्यात ब्रेक लावायला भरपूर वेळ होता असं वाटायचं. जीवावरच्या प्रसंगात वेळ लांबल्यासारखी वाटते, आणि नंतर माणूस त्या लांबलेल्या वेळेचा हिशोब स्वतःकडे मागत बसतो.

अपराधीपणा त्या एका दिवसात गेला नाही. आणि सगळा जायला पाहिजे असंही मला वाटत नाही, त्यातला काही भाग निव्वळ दुःख होतं, एका पोराचा जीव गेला आणि आपण शेवटचे त्याला बघणारे, याचं. त्या दुःखाला जागा द्यायला लागते. इथे त्र्यंबकचा धागा आला. मी विचारलं की तिथे त्याच्यासाठी संकल्प केलात तेव्हा मनात काय म्हणालात? म्हणाले, माफ कर. आज म्हणायचं झालं तर? विचार करून म्हणाले, मी ब्रेक लावला होता रे. ते रेकॉर्डिंगमध्ये आहे. ते त्यांनी घरी गॅलरीत बसून रोज ऐकलं, आणि एक दिवस काकूंना ऐकवलं, आणि नंतर मुलाला. बापलेक त्या सॅकबद्दल पहिल्यांदा बोलले ते त्या रात्री. मुलगा मला नंतर एवढंच म्हणाला, पप्पांनी आधी सांगितलं असतं तर मी सॅक स्वतः बदलली असती.

पायऱ्या

आठवणीसोबतच प्रत्यक्षात सामोरं जायच्या गोष्टींची आम्ही यादी केली होती, कशाने किती त्रास होतो ते शून्य ते शंभर. स्टेशनच्या पुलावर उभं राहून खालून जाणारी फास्ट बघणं, ४०. प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभं राहणं, ५५. पहिल्या डब्यात बसून प्रवास, ६५. त्या जागेपाशी कुंपणाबाहेर उभं राहणं, ८५. केबिन, १००. नियम एकच, त्रास निम्म्यावर येईपर्यंत तिथून हलायचं नाही. पुलावर ते पहिल्या दिवशी काकूंचा हात धरून पाऊण तास उभे होते, काकू सांगतात येणारे-जाणारे बघायचे की हे नवरा-बायको इथे करतायत काय. पुढच्या आठवड्यात चहा घेऊन उभे. श्वास लांब सोडायचा, पाय जमिनीवर दाबायचे, आजूबाजूच्या पाच वस्तूंची नावं घ्यायची, हे शिकवलेलं होतं पण एक्सपोजर चालू असताना ते वापरायचं नाही असंही सांगितलं होतं, नाहीतर तेच आकडे मोजण्यासारखं टाळणं होऊन बसतं. झोपताना किंवा अचानक कुठे जीव घाबरा झाला तर वापरायचं.

केबिनचं मात्र आमच्या हातात नव्हतं. त्यांच्या इन्स्पेक्टर साहेबांनी, जे स्वतः मोटरमन होते, फार समजून घेतलं. आधी कारशेडमध्ये उभ्या गाडीत बसवलं, मग सोबत फुटप्लेट केलं, म्हणजे चालत्या गाडीच्या केबिनमध्ये नेलं, काका नुसते बाजूला उभे, मग पुन्हा मेडिकल झाली, मग दुपारच्या कमी गर्दीच्या फेऱ्या साहेब सोबत असताना, मग एकटे. सिकमध्ये गेल्यापासून एकटे गाडी घेईपर्यंत नऊ महिने लागले. प्रश्नावलीवर तेव्हा १९.

पैशाची ओढाताण झाली हे खरं आहे, काकूंनी त्या काळात घरगुती डबे सुरू केले, ते अजून चालू आहेत.

त्यानंतर

परत रुजू झाल्यावर पाच महिन्यांनी आणखी एक रनओव्हर झाला. मुंबईत मोटरमन असाल तर तो होणारच, आम्ही त्याची चर्चा आधीच केली होती. यावेळी काका गाडी पुढच्या स्टेशनला घेऊन गेले आणि कंट्रोलला सांगितलं की मला रिलीफ द्या, मी पुढे जात नाही. मिळाला. घरी येऊन त्याच रात्री जेवायच्या आधी काकूंना आणि मुलाला सगळं सांगितलं. पहिला आठवडा वाईट गेला, दोनदा स्वप्न पडलं, दारू नाही. मी फोनवर फक्त विचारपूस केली, आठवण उकरायला लावली नाही, महिना होऊ दिला. महिन्यानंतर प्रश्नावली भरून घेतली, २१. गाडीवर मात्र ते घटनेनंतर तीन आठवड्यांनीच परत गेले होते.

आता लॉबीत कुणाची केस झाली की काका त्याला महिन्याभराने फोन करतात, पहिल्या दिवशी सगळेच करतात म्हणून. दोन जणांना आमच्याकडे पाठवलंय, त्यातला एक नुसता येऊन बोलून गेला, त्याला उपचाराची गरज नव्हती, दुसऱ्याचं चालू आहे.

सर्ट्रालिन डॉक्टरांनी बरं झाल्यावरही वर्षभर ठेवली होती, हळूहळू कमी करत ती आता बंद झालीय. जुलै जवळ आला की झोप बिघडते, पहिला मोठा पाऊस पडला की दोन-तीन रात्री जागरण होतं, त्यामुळे मे महिन्याच्या शेवटी आम्ही एक भेट ठेवतो, जुनं रेकॉर्डिंग एकदा ऐकतात आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातली रजा तेव्हाच टाकतात. यंदाची टाकून झाली, मंजूरही झाली.